आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सरकारी पाळतीच्या जमान्यात आपला डेटा साठू न देण्याची गाइड

सरकारी पाळत म्हटलं की डोळ्यासमोर येतो कानाला हेडफोन लावून आपले फोन ऐकत बसलेला कोणीतरी माणूस. तसं होतच नाही असं नाही, पण ते फार थोड्यांच्या नशिबी येतं. तुमच्या-माझ्यासाठी कोणी असं बसत नाही कारण त्याची गरजच पडत नाही, आपण कुठे होतो, कोणाशी किती वेळ बोललो, रात्री दोन वाजता काय शोधलं हे सगळं कुठल्या ना कुठल्या कंपनीकडे आधीच साठलेलं असतं, सरकारला फक्त एक कागद पाठवून ते मागायचं असतं. 2013 च्या जूनमध्ये अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने जी कागदपत्रं बाहेर काढली त्यातली पहिली बातमी नेमकी हीच होती, अमेरिकेतल्या एका गुप्त कोर्टाने व्हेरायझन कंपनीला रोजच्या रोज ग्राहकांच्या कॉलची नोंद द्यायला सांगितलं होतं. कोणी कोणाला केला, कधी केला, किती वेळ चालला. बोलणं काय झालं ते त्यात नव्हतंच.

म्हणून ही गाइड लिहिताना मी एकच म्हण डोक्यात ठेवलीय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पोहरा टाकणाऱ्याचा हात आपण धरू शकत नाही, तो कोर्टाचा आणि कायद्याचा विषय आहे आणि तो लढाच वेगळा. पण आड किती भरू द्यायचा हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं बहुतेक काम फुकटात आणि सेटिंगमध्ये जाऊन होतं.

आता लगेच कोणीतरी म्हणणार "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही". बरं. फ्लोरिडात एक माणूस होता, सायकल चालवायचा आणि व्यायामाच्या अ‍ॅपवर फेऱ्या मोजायचा, बास. 2020 च्या जानेवारीत त्याला गूगलचा मेल आला की पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितलीय, 7 दिवसांत कोर्टात जाऊन अडवलं नाहीत तर आम्ही देणार. झालं काय होतं तर आदल्या वर्षी एका घरात चोरी झाली होती आणि त्या दिवशी हा तासाभरात तीनदा त्या घरावरून गेला होता, त्याचा नेहमीचा रस्ता होता तो. पोलिसांनी संशयित कोण हे सांगितलंच नव्हतं, त्यांनी फक्त "त्या वेळी त्या घराजवळ कोणकोणते फोन होते" एवढं विचारलं आणि गूगलने यादी काढली. याला जिओफेन्स वॉरंट म्हणतात. वकील करावा लागला तेव्हा सुटला बिचारा. लपवण्यासारखं त्याच्याकडे काय होतं? सायकल.

आधी ठरवा, कोणापासून आणि किती

हे न करता लोक थेट अ‍ॅप डाउनलोड करायला लागतात आणि मग आठवड्यात कंटाळून सगळं सोडून देतात. दहा मिनिटं बसा आणि विचार करा, तुम्ही सगळ्यांचा डेटा सरसकट गोळा होतो त्यात सापडणारे आहात का तुमच्या नावाने कोणी मागे लागू शकतं असे आहात. पत्रकार, वकील, आंदोलनात पुढे असणारे, सरकारी घोटाळ्याची माहिती बाहेर देणारे, हे दुसऱ्या गटात. बाकी जवळजवळ सगळे पहिल्यात. पहिल्या गटाला सेटिंग आणि सवयी पुरतात. दुसऱ्या गटाला ही गाइड फक्त सुरुवात म्हणून पुरेल, त्यांनी डिजिटल सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थांशी बोलायलाच हवं, कारण तिथे एक चूकही महागात पडते आणि ती बहुतेक वेळा आपल्या नाही तर समोरच्या माणसाच्या अंगाशी येते.

आणि एक, देशादेशांत नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी व्हीपीएन (आपली इंटरनेटची ये-जा दुसऱ्या कंपनीमार्फत वळवणारी सेवा) वापरणंच गुन्हा आहे, ब्रिटनमध्ये कायदेशीर नोटीस आल्यावर पासवर्ड न देणं हाच गुन्हा होतो. तुमच्याकडे काय चालतं ते बघून घ्या आणि मग पुढचं करा.

लोकेशन: सगळ्यात भरलेला आड

मी मुद्दाम इथून सुरुवात करतोय कारण लोक मेसेजची काळजी करत बसतात आणि लोकेशन सताड उघडं ठेवतात. तुम्ही काय बोललात यापेक्षा तुम्ही रात्री कुठे झोपता आणि दिवसा कुठे बसता हे कळलं की तुम्ही कोण हे कळतं, नाव लागतच नाही. 2013 मध्ये एक अभ्यास झाला होता, 15 लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी घेतल्या, नावं काढून टाकलेल्या, तर एखाद्या माणसाची कुठल्याही चार वेळची ठिकाणं माहीत असली तरी 95 टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. चार! त्यामुळे "आम्ही डेटा निनावी करून ठेवतो" असं जेव्हा एखादी कंपनी म्हणते तेव्हा मला हसू येतं.

पहिला गैरसमज, जीपीएस बंद केलं की झालं. नाही होत. फोन चालू आहे आणि सिम आत आहे म्हणजे तो टॉवरशी बोलणारच, आणि कुठल्या टॉवरशी कधी बोलला हे ऑपरेटरकडे लिहिलं जाणारच. अमेरिकेत कार्पेंटर नावाचा खटला झाला त्यात पोलिसांनी एका माणसाच्या 127 दिवसांच्या टॉवरच्या नोंदी मागवल्या होत्या, त्यातून 12,898 ठिकाणं मिळाली, म्हणजे दिवसाला शंभरेक. जीपीएसचा संबंधच नाही. 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा नोंदींसाठी वॉरंट लागेल, पण नोंदी ठेवूच नका असं काही म्हटलं नाही. यावर उपाय एकच, जिथे तुमचं जाणं खरंच कोणाला कळू नये तिथे फोन नेऊ नका. घरी चालू ठेवून जा, बंद करून बरोबर नेण्यापेक्षा ते बरं, कारण एरवी कधीच बंद नसलेला फोन नेमका तीन तास बंद हीसुद्धा एक नोंदच असते.

अ‍ॅपच्या बाबतीत मात्र खूप काही करता येतं. सेटिंगमध्ये लोकेशन परवानगीची यादी उघडा आणि एकेक बघत जा. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा टॉर्चच्या अ‍ॅपला लोकेशन दिलेलं निघालं, कधी दिलं देव जाणे. नकाशा आणि टॅक्सी सोडून कोणालाच "कायम" देऊ नका, "वापरत असताना" पुरे, आणि हवामानासारख्या अ‍ॅपला अचूक लोकेशन बंद करून अंदाजे द्या, पाऊस काय गल्लीगल्लीत वेगळा पडत नाही. मग गूगल मॅप्समध्ये जाऊन टाइमलाइन (तुम्ही कुठेकुठे गेलात त्याची नोंद) बघा. गूगलने 2023 च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की ही टाइमलाइन आता त्यांच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्येच राहील, त्यामुळे सायकलवाल्यासारख्या मागण्यांची हवा बरीच गेली (बघा, आड रिकामा केला की काय होतं). पण "वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी" हे गूगल खात्यातलं वेगळं आहे, तिथे तुमचा सर्च इतिहास असतो, ते बंद करा किंवा निदान 3 महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असं लावा.

आता दलाल. हा भाग लोकांना माहीतच नसतो. अ‍ॅपमध्ये जाहिराती असतात, जाहिरातीसाठी फोनला एक आयडी असतो, त्या आयडीबरोबर लोकेशन जातं दलालाकडे आणि दलाल ते विकतो, आणि विकत घेणाऱ्यांत सरकारी खातीही असतात. वॉरंट मागायची कटकट कशाला, पैसे टाकले की झालं. 2020 मध्ये बाहेर आलं होतं की नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका खूप लोकप्रिय अ‍ॅपमधलं लोकेशन अशाच एका दलालामार्फत अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या ठेकेदारांपर्यंत पोचत होतं. अँड्रॉइडवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाहिरातींखाली तो आयडी डिलीट करायची सोय आहे, करून टाका. आयफोनवर ट्रॅकिंगमध्ये जाऊन "अ‍ॅपना विचारू द्या" हेच बंद करा म्हणजे प्रश्नच येणार नाही. एवढं करायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि या सगळ्या गाइडमध्ये कष्टाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा कशात असेल तर यात.

जाता जाता, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये 2जी (जुन्या पिढीचं मोबाइल नेटवर्क) बंद करता येतं. करा. 2जी मध्ये फोन स्वतःची ओळख टॉवरला पटवतो पण टॉवर खरा का खोटा हे फोन तपासतच नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभा करून गर्दीतले फोन टिपणारी जी यंत्रं असतात त्यांना ते फार सोयीचं. इमर्जन्सी कॉल तरीही लागतो, त्याची भीती नको.

मेसेज आणि कॉल

साधा एसएमएस आणि साधा कॉल ऑपरेटरला उघडा दिसतो. बहुतेक देशांत कायद्यानेच ऑपरेटरच्या यंत्रणेत सरकारसाठी ऐकायची सोय ठेवायला लावलेली असते. ती सोय फक्त चांगल्या माणसांच्या हातात राहील असं ज्यांना वाटतं त्यांनी ग्रीसचं प्रकरण वाचावं, 2004-05 मध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेतली हीच सोय कोणीतरी परस्पर चालू केली आणि खुद्द पंतप्रधानांसकट शंभरेक जणांचे फोन महिनोन्महिने ऐकले. आणि त्याहून भारी म्हणजे 2024 मध्ये सॉल्ट टायफून नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी हॅकरांनी अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांत घुसून सरकारी टॅपिंगच्याच यंत्रणेला हात घातला, त्यानंतर तिथले सरकारी अधिकारीच लोकांना सांगू लागले की बाबांनो एन्क्रिप्टेड (मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंद) अ‍ॅप वापरा. वर्षानुवर्षं हेच लोक एन्क्रिप्शनमुळे तपास अडतो म्हणून ओरडत होते.

तर अ‍ॅप कुठलं. माझं मत विचाराल तर सिग्नल, आणि कारण एन्क्रिप्शन नाही, एन्क्रिप्शन तर व्हॉट्सअ‍ॅपमध्येही सिग्नलचंच आहे, 2016 पासून सगळ्यांना. कारण आहे आड. 2016 मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे एका तपासात दोन नंबरांची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांना देता आल्या फक्त दोन तारखा, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. द्यायचं नव्हतं असं नाही, त्यांच्याकडे होतंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपला मजकूर दिसत नसला तरी तुम्ही कोणाशी कधी बोलता, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) येता हे सगळं दिसतं. मेटाडेटा म्हणतात ते हेच, आणि यावरून सुतावरून स्वर्ग गाठता येतो. एखाद्याने रक्त तपासणीच्या लॅबला फोन केला, मग डॉक्टरला, मग विमा कंपनीला आणि मग रात्री उशिरा तासभर आईला, बोलणं ऐकायची गरज आहे का? अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्हींचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन 2014 मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. मेटाडेटा "नुसता" असतो असं यापुढे कोणी म्हणालं तर हे सांगा.

टेलिग्रामबद्दल एक ओळ, कारण खूप लोकांना ते सुरक्षित वाटतं: साध्या चॅट तिथे एंड टू एंड (म्हणजे फक्त दोन टोकांच्या माणसांनाच वाचता येतील अशा) नसतात, फक्त "सिक्रेट चॅट" असतात, आणि ग्रुपला ती सोय नाहीच.

आता बॅकअप. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा थांबून वाचा. चॅट कितीही एन्क्रिप्टेड असो, तिची कॉपी जर क्लाउडवर साधी जाऊन पडत असेल तर दाराला कुलूप आणि खिडकी उघडी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2021 पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय आहे पण ती आपोआप चालू नसते, चॅट बॅकअपमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते आणि पासवर्ड किंवा 64 आकडी चावी जपून ठेवावी लागते, हरवली तर बॅकअप गेला, कंपनीही काढून देऊ शकत नाही, आणि तेच तर आपल्याला हवंय. आयफोनवाल्यांनी आयक्लाउडसाठी अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू करावं. ते चालू नसेल तर बॅकअपची चावी अ‍ॅपलकडेही असते आणि कागद आला की तो उघडता येतो. ब्रिटनमधल्या लोकांचं मात्र दुर्दैव, तिथल्या सरकारच्या मागणीनंतर 2025 च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलने ही सोय तिथे नव्या लोकांना देणं थांबवलं. एखाद्या सरकारला काय नकोय हे बघितलं की आपल्याला काय चालू करायचंय ते कळतं.

आणि तुम्ही केलं पण समोरच्याने नाही केलं तर? तर तुमचे मेसेज त्याच्या बॅकअपमधून जाणार. म्हणून महत्त्वाच्या चॅटला गायब होणारे मेसेज लावा, आठवडा ठेवा, चार आठवडे ठेवा, पण काहीतरी ठेवा. मी बहुतेक चॅटला चार आठवडे लावलंय आणि सुरुवातीला घरचे चिडायचे की पत्ता परत विचारावा लागतो, आता सवय झाली, लागणारी गोष्ट लोक वेगळी लिहून ठेवतात.

नोटिफिकेशन ही अजून एक गळती. मेसेज आला की टिंग वाजतं ना, ते अ‍ॅपल किंवा गूगलच्या सर्व्हरमधून येतं. 2023 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी पत्र लिहून उघड केलं की सरकारं या नोटिफिकेशनच्या नोंदीही कंपन्यांकडून मागतात. अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशनचा मजकूर आणि नाव दिसणं बंद करा, सिग्नलमध्ये "नाव नाही, मजकूर नाही" असा पर्याय आहे. निदान टेबलावर पडलेल्या फोनवरून शेजारचा तरी वाचणार नाही.

फोनचं कुलूप

फोन हातात घेऊन उघडणारी यंत्रं पोलिसांकडे असतात, सेलेब्राइटचं नाव ऐकलं असेल. 4 आकडी पिन त्यांच्यापुढे टिकत नाही. निदान 8 आकडे तरी ठेवा, वाढदिवस सोडून, आणि जमलं तर अक्षरांचा पासकोड. बोट आणि चेहरा सोयीचे आहेत, मीही वापरतो, पण तुमचं बोट धरून फोनवर टेकवणं सोपं असतं आणि डोक्यातला आकडा काढणं अवघड, काही देशांत कायदाही या दोन्हींत फरक करतो. म्हणून ही युक्ती आत्ताच करून बघा: आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दोन सेकंद दाबून धरा, बंद करायची पट्टी आली की चेहरा चालत नाही, पासकोडच लागतो. अँड्रॉइडवर पॉवरच्या मेनूत "लॉकडाउन" असतं, नसेल तर सेटिंगमध्ये शोधून चालू करा. हे हाताला सवयीचं झालं पाहिजे, ऐन वेळी शोधत बसलात तर तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होईल.

त्याहून चांगलं म्हणजे फोन पूर्ण बंदच करणं. बंद करून चालू केलेला आणि एकदाही न उघडलेला फोन उघडायला सगळ्यात कठीण, कारण तोवर आतल्या चाव्या मेमरीत आलेल्याच नसतात. विमानतळावर, सीमेवर, मोर्च्याला जाताना बंद करून जा. कंपन्यांनाही हे कळलंय, आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही तीन दिवस कोणी उघडला नाही तर स्वतःहून रीस्टार्ट होतात, पोलिसांच्या कपाटात पडलेल्या फोनसाठीच ते आहे असं समजायला हरकत नाही.

पासवर्डचं थोडक्यात. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा) वापरा, आणि त्याच्या मुख्य पासवर्डसाठी फासे टाका. खरंच फासे. पाच फासे टाकले की आलेल्या पाच आकड्यांवरून 7,776 शब्दांच्या तयार यादीतला (तिला डाइसवेअर म्हणतात) एक शब्द मिळतो, असे सहा शब्द काढा आणि पाठ करा. डोक्यातून "रँडम" शब्द काढायला गेलात तर प्रेमातल्या माणसाचं नाव आणि जन्मसालच येणार, सगळ्यांचं तेच येतं.

नेटवर फिरताना

व्हीपीएनच्या जाहिराती बघून लोकांना वाटतं अंगावर चिलखत चढलं. खरं एवढंच होतं की जे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. आड हलला, रिकामा नाही झाला. इंटरनेट कंपनीपेक्षा व्हीपीएनवाल्यावर जास्त विश्वास असेल तरच घ्या, आणि फुकटातलं कधीच घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा तुमच्या डेटावरच चालतो. मेलचंही तसंच. प्रोटॉनमेल चांगलं आहे, मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण 2021 मध्ये स्विस आदेश आल्यावर त्यांना एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावाच लागला. कंपनी कितीही भली असो, ती कुठल्यातरी देशात असते आणि त्या देशाला कायदा असतो.

ज्याला खरंच कोण कुठे जातंय हे तोडायचंय त्याच्यासाठी टॉर ब्राउझर. तीन टप्प्यांतून जातं, पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे जाताय ते नाही, शेवटच्याला कुठे जाताय ते कळतं पण कोण ते नाही. मुळात हे तंत्र अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि ते सगळ्यांना खुलं करावं लागलं, कारण फक्त गुप्तहेरच वापरत असतील तर वापरणारा प्रत्येक जण गुप्तहेर हे लगेच कळेल ना. हाच नियम उलटाही लागतो. 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली, पण पाठवली विद्यापीठाच्याच वायफायवरून, तपास करणाऱ्यांनी टॉर तोडलंच नाही, त्यांनी फक्त त्या वेळी कॅम्पसवर टॉर कोण वापरत होतं एवढं बघितलं. त्याने केलं ते चूकच होतं, पण धडा तुमच्या कामाचा आहे: टॉरमध्ये तुम्ही काय करताय ते लपतं, तुम्ही टॉर वापरताय हे लपत नाही. आणि टॉर उघडून स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉग-इन करू नका, बुरखा घालून नावाची पाटी गळ्यात अडकवल्यासारखं होईल ते.

रोजच्यासाठी फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारी जोड), आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" (तुम्ही कुठली साइट शोधताय ते वाटेत कोणी वाचू नये म्हणून). पुरे.

फोटो आणि कागद

फोटोत कुठे काढला ते लिहिलेलं असतं. 2012 मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकअफी पोलिसांपासून पळत होते, भेटायला आलेल्या पत्रकारांनी ऐटीत फोटो टाकला आणि फोटोतल्या जीपीएसमुळे ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद. कोणाचा आंदोलनातला फोटो टाकायचा असेल तर चेहरा झाका, आणि ब्लर करण्यापेक्षा भरीव ठोकळा टाका. रंगीत लेझर प्रिंटरवर छापलेल्या कागदाचंही सांगून ठेवतो, त्यातले बरेच प्रिंटर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात ज्यात मशीनचा नंबर आणि तारीख असते. निनावी पत्र लिहायचं असेल तर हे लक्षात असू द्या.

स्पायवेअर आलं तर

पेगॅसससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर तुमच्या फोनमध्ये शिरलं तर वरचं सगळं व्यर्थ, कारण ते स्क्रीनवर दिसतं तेच वाचतं, एन्क्रिप्शन उघडल्यानंतरचं. आणि त्यासाठी तुम्ही कुठल्या लिंकवर टिचकी मारायलाही हवी असं नाही, 2021 मध्ये सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधकांच्या गटाने शोधलेली फट नुसता आयमेसेज आला की चालायची. हे महाग असतं, वेचून वापरतात, त्यामुळे पहिल्या गटातल्यांनी झोप उडवून घेऊ नये. दुसऱ्या गटातल्यांनी आयफोनवर लॉकडाउन मोड चालू करावा, 2022 पासून आहे, काही वेबसाइट विचित्र दिसतात आणि ओळख नसलेल्यांचे फेसटाइम येत नाहीत पण सवय होते. सगळ्यांसाठी दोन गोष्टी: अपडेट आला की त्याच रात्री टाका, आणि फोन रोज एकदा रीस्टार्ट करा, यातली बरीच स्पायवेअर रीस्टार्टमध्ये टिकत नाहीत आणि पुन्हा शिरायला त्यांना पुन्हा खर्च करावा लागतो. अ‍ॅपलकडून धोक्याची सूचना आली तर ती खोटी समजून पुसू नका, पण त्यातल्या कुठल्या लिंकवरही जाऊ नका, अ‍ॅपलच्या खात्यात स्वतः लॉग-इन करून बघा, खरी असेल तर तिथे वर दिसते. फोन फॅक्टरी रीसेट करू नका, पुरावा जातो.

ज्यावर आपलं फार चालत नाही

रस्त्यावरचे कॅमेरे, चेहरा ओळखणारी यंत्रणा, सरकारी सेवेसाठी द्यावंच लागणारं बोट आणि बुबुळ. इथे सेटिंग नाही. पासवर्ड बदलता येतो, बोट नाही बदलता येत, म्हणून जिथे दुसरं ओळखपत्र चालत असेल तिथे दुसरं द्या आणि "बायोमेट्रिक सक्तीचं आहे का, कुठल्या नियमाने" हे विचारा, विचारल्यावर बऱ्याचदा सक्ती नाहीच असं निघतं. फोन नंबरही जिथे लागत नाही तिथे देऊ नका, एकच नंबर दहा ठिकाणी दिला की दहा डेटाबेस एका धाग्यात ओवले जातात. खासगीपणाचा हक्क 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 12 व्या कलमात लिहिलेला आहे, पण काउंटरवर बसलेल्या माणसाला कलम सांगून उपयोग नसतो, शांतपणे "याशिवाय होईल का" विचारलेलं जास्त चालतं.

कायद्याने सोय असेल तिथे कंपन्यांना लिहून विचारा की माझ्याबद्दल काय काय ठेवलंय, युरोपात 2018 पासून जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यामुळे त्यांना साधारण महिन्याभरात सांगावं लागतं, पुसायलाही सांगता येतं. गूगलमध्ये तर आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची टेकआउट म्हणून सोय आहे, जगात कुठेही चालते. एकदा काढून बघाच. माझी फाइल उघडली तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचे सर्च निघाले, आजारपणातले, नोकरी गेली तेव्हाचे, मलाच आठवत नव्हतं असं बरंच काही, आणि ते तिथे तसंच पडलेलं होतं.

हे सगळं एका रविवारी करायला जाऊ नका, वैतागाल. आज जाहिरातीचा आयडी आणि लोकेशनच्या परवानग्या. उद्या बॅकअप. फाशांचा पासवर्ड वेळ मिळेल तेव्हा. आणि हो, कपाटात तो जुना फोन पडलाय ना, स्क्रीन फुटलेला, त्यात तुमची सगळी खाती अजून लॉग-इन आहेत आणि पिन 1234 आहे. तो आधी बाहेर काढा.